चिमट्याला श्वास दिसत नाही

मित्रांनो, आधी माझ्याबरोबर एक गंमत करा. खोलीतला दिवा मालवा, विजेरी लावा आणि तिच्या काचेवर आपले बोट घट्ट दाबून धरा. दिसले? बोट आतून निखाऱ्यासारखे लाल होते. आता कल्पना करा, की त्या बोटाच्या पलीकडे एक इवलासा डोळा बसवला आहे आणि तो डोळा तुम्ही आहात. तुमचे काम एकच, बोटातून येणाऱ्या उजेडावरून रक्ताचा रंग ओळखायचा. समोरचा माणूस हसतो आहे की रडतो आहे, गाढ झोपला आहे की गुदमरतो आहे, हे तुमच्या कामात धरलेले नाही.

तो डोळा म्हणजे मी. मी एक जुना चिमटा आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीत रुग्णाच्या बोटाला लावतात ना, तो. रक्तात प्राणवायू भरपूर असला की रक्त लालभडक दिसते, कमी पडला की ते काळपट होते. तो रंग मी पाहतो आणि माझ्या वायरीच्या दुसऱ्या टोकाचे यंत्र त्याचा शंभरापैकी आकडा दाखवते. सध्या माझा मुक्काम जिन्याखालच्या खोक्यात आहे. सोबतीला एक तुटका दिवा आणि दोन फाटक्या नळ्या आहेत. माझ्या वायरीला दोऱ्याने चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर लिहिले आहे, ‘नादुरुस्त’.

मी नादुरुस्त नाही. कधीच नव्हतो. आणि दुःख त्याचेच आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाजूने स्प्रिंग आली, एका बाजूने रबराच्या दोन मऊ गाद्या आल्या, कोणी दिवा बसवला, कोणी डोळा. टेबलाच्या शेवटी एक बाई बसायची. ती दिवसभर नवे चिमटे स्वतःच्या बोटाला लावून बघायची. तिच्या बोटावर कायमचा वळ पडला होता. मला लावून तिने जांभई दिली आणि म्हणाली, “अठ्ठ्याण्णव. पास.” मी ऐकलेले ते पहिले शब्द. जांभई खरी होती, आकडाही खरा होता. त्या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, हे मात्र मला तेव्हा कळले नाही.

मग मी एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात आलो. तिथे बहुतेक हाडांच्या शस्त्रक्रिया होत. मी हजारो बोटे धरली. बर्फासारखी गार बोटे, गिरणीत काम करून राठ झालेली बोटे, नखांना रंग लावलेली बोटे. रंग असला की मला नीट दिसायचे नाही. मग सिस्टर कापसाने रंग पुसायच्या आणि पुसताना बडबडायच्या, “ऑपरेशनला येताय की लग्नाला?”

तिथे भुलीचे एक थोरले डॉक्टर होते. खांदा किंवा दंड मोडलेला माणूस आला की ते त्याला पूर्ण झोपवत नसत. मानेच्या बाजूला एक इंजेक्शन देत, की तेवढाच हात बधिर होई. माणूस जागा, हात झोपलेला. पण या इंजेक्शनला एक खोड आहे. ती तुम्ही नीट समजून घ्या, कारण माझी सगळी हकीकत तिच्यावरच उभी आहे.

आपल्या छातीच्या आणि पोटाच्या मध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो. तो खाली गेला की हवा आत येते, वर आला की बाहेर जाते. त्याचे दोन अर्धे भाग, डावा आणि उजवा. प्रत्येक अर्ध्याला हुकूम देणारी नस वर मानेतून निघते. आणि नेमकी हाताच्या नसांच्या शेजारून खाली उतरते. टीपकागदावर शाईचा थेंब टाकला तर तो जिथे टाकला तिथेच थांबतो का? हे औषधही तसेच पसरते. हात झोपतो आणि बहुतेक वेळा त्याच बाजूचे अर्धे श्वासपटलही झोपते. धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण दुसरा अर्धा भाग सगळा भार उचलतो. औषध उतरले की पहिलाही जागा होतो.

पण ज्याचा दुसरा अर्धा आधीपासूनच निकामी असेल, त्याने काय करावे?

म्हणून थोरले डॉक्टर सुई हातात घेण्याआधी रुग्णाच्या बरगड्यांवर दोन्ही तळवे ठेवत आणि म्हणत, “फूल हुंगल्यासारखं झटकन हुंगा बघू.” माणूस हुंगायचा आणि डॉक्टर तळव्यांकडे बघत राहायचे, दोन्ही सारखे हलतात का. हाडांचे डॉक्टर हात धुऊन ताटकळत उभे असत. ते चिडवायचे, “काय हो, बाग लावलीत का इथे?”

“तुम्ही हाडं मोजा,” थोरले म्हणायचे, “मला बरगड्या मोजू द्या.”

एकदा एका म्हाताऱ्या सुताराची एक बाजू हललीच नाही. डॉक्टरांनी सुई खाली ठेवली, त्याला पूर्ण भूल दिली आणि घशात नळी घालून शेवटपर्यंत यंत्राने श्वास दिला. अर्धा तास जास्त गेला. सुतार दुसऱ्या दिवशी चहा पीत बसला होता.

माझ्याकडे ते सगळ्यात शेवटी बघत. नव्या सिस्टरना म्हणत, “हा चिमटा गुणी आहे, पण कालचं वर्तमानपत्र वाचून दाखवतो. श्वास थांबला तरी याला बऱ्याच वेळाने कळतं. आणि तोंडावर प्राणवायूचा मास्क असला, तर आणखी उशिरा.” मला राग यायचा. मी इतका काटेकोर आणि हे माझी अशी टिंगल करतात!

मग थोरले डॉक्टर निवृत्त झाले आणि धाकटे डॉक्टर आले. माणूस वाईट नव्हता. हात हलका, सुई एकदाच टोचायचे, रुग्णांशी हसून बोलायचे. फक्त त्यांच्याकडे वेळ नव्हता. पूर्वी दिवसाला तीन शस्त्रक्रिया होत, आता सात. बरगड्यांवर तळवे ठेवणे कोणी बंद करा म्हटले नाही. ते आपोआप बंद पडले. माझ्या यंत्राच्या टिकटिकीचा हाडांच्या डॉक्टरांना त्रास होतो म्हणून तिचा आवाज अगदी बारीक केला गेला. आणि खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा माझ्या आकड्यावर येऊन बसल्या. “चिमटा आहे ना, मग काळजी नाही,” असे धाकटे डॉक्टर म्हणायचे.

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मला ते फार आवडले. स्तुती कोणाला नको असते? थोरले डॉक्टर माझ्याकडे सगळ्यात शेवटी बघत, आता मी सगळ्यात आधी होतो. मी तोऱ्यात होतो.

अशा दिवसांत ती मावशी आली.

मावशी बसच्या आगारात ध्वनिक्षेपकावरून गाड्यांच्या वेळा सांगायची. तिचा आवाज इतका खणखणीत, की चालक तिला ‘भोंगा’ म्हणत आणि वीज गेली तरी तिचे काम अडत नसे. आगाराच्या पायरीवरून घसरून तिचा उजवा खांदा मोडला होता. तिच्याबरोबर तिची नऊ वर्षांची भाची होती. ती सारखी मावशीच्या मागे मागे असायची, म्हणून मावशी तिला ‘शेपूट’ म्हणायची.

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर सिस्टरनी मला मावशीच्या डाव्या बोटाला लावले आणि कागद भरायला घेतला.

“दमा आहे?”

“नाही.”

“हृदयाचा त्रास?”

“हृदय टणक आहे. बारा वर्षं लोकांच्या चुकलेल्या गाड्यांच्या शिव्या खातेय, अजून फुटलं नाही.”

“आधी कधी ऑपरेशन?”

“लहानपणी झालंय. छातीतली गाठ काढली होती, इथून डावीकडून.”

“किती वर्षं झाली?”

“तीस तरी झाली असतील.”

“मग राहू दे,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी लिहिले, ‘विशेष काही नाही’.

तेव्हा ती मुलगी बोलली. “मावशीची डावी बाजू हलत नाही.”

“कुठली बाजू गं?”

“पोटाची. मी दुपारी तिच्या पोटावर डोकं ठेवून झोपते ना, तेव्हा कळतं. उजवीकडे ठेवलं की डोकं वर-खाली होतं. डावीकडे ठेवलं की होत नाही. उलट तिने श्वास घेतला की खड्डा पडतो.”

“अगं शेपटे!” मावशी खो-खो हसली. “माझ्या पोटाची चारचौघांत अब्रू काढतेस?”

सिस्टरही हसल्या. इतक्यात धाकटे डॉक्टर आले. मुलीने त्यांनाही तेच सांगितले, अगदी हाताने खड्डा करून दाखवला. डॉक्टरांनी तिचा गाल थोपटला आणि माझ्या यंत्राकडे बोट केले.

“हे बघ, अठ्ठ्याण्णव! तुला पडतात का इतके मार्क?”

सगळे हसले. मुलगी हसली नाही. ती म्हणाली, “पण मी पोटाचं सांगतेय.” तोवर गाडा आत ढकलला गेला होता.

त्या लहानपणच्या शस्त्रक्रियेत मावशीच्या श्वासपटलाची डावी नस कायमची गेली होती. हे कोणी तिला सांगितले नव्हते आणि तिला त्याने कधी अडले नव्हते. इतकी वर्षे एकट्या उजव्या अर्ध्याच्या जोरावर ती साऱ्या आगाराला गाड्या सांगत होती. मित्रांनो, त्या दिवशी इंजेक्शन उजव्या बाजूलाच द्यायचे होते.

सुई एकदाच टोचली. काम सफाईदार झाले. मावशीच्या तोंडावर मास्क आला, हात जड झाला. मग तिची उजवी पापणी थोडी खाली आली आणि तिचा तो खणखणीत आवाज घोगरा झाला, जणू कोणी घशात बोळा कोंबला होता. या इंजेक्शनने असेही होऊ शकते, ते उतरतेही. पण त्या दिवशी तिला आवाजाची नेमकी गरज होती.

“डॉक्टर,” ती कुजबुजली, “श्वास पुरत नाहीये.”

“घाबरू नका, सगळ्यांना असंच वाटतं. आकडा नव्याण्णव आहे.”

“मला बसवा... आडवं नको.”

“बसून ऑपरेशन कसं करायचं मावशी? तुम्ही डोळे मिटा. शांत वाटायचं औषध देतो.”

आणि त्यांनी झोप आणणारे औषध दिले. जो श्वास ती जिवाच्या आकांताने, मानेच्या शिरा ताणून ओढत होती, तोही त्या औषधाने मंदावला. तिच्या बोटाने मला दाबले. एकदा, दोनदा. मी काय करणार? मी रंग पाहिला. मास्कमधल्या प्राणवायूने रक्त अजून लाल होते. नव्याण्णव, मी सांगितले. नव्याण्णव. अठ्ठ्याण्णव. एकही आकडा खोटा नव्हता. तिच्या छातीवर हिरवे कापड पसरले होते आणि त्या कापडाकडे कोणी बघत नव्हते. सगळे माझ्याकडे बघत होते.

मग मी घसरलो. नव्वद, ब्याऐंशी, एकाहत्तर. यंत्र बोंबलले, पण त्याचा आवाज बारीक केलेला. सिस्टरनी कापड ओढून काढले तेव्हा छाती हलत नव्हती. पुढे धावपळ झाली, घशात नळी गेली, यंत्राने श्वास दिला. जीव वाचला. वाचला म्हणजे काय, ते मला चार महिन्यांनी कळले.

त्याआधी माझे काय झाले ते ऐका. दुसऱ्याच दिवशी एक अहवाल लिहिला गेला. त्यात ना मुलीचे बोलणे होते, ना ‘श्वास पुरत नाहीये’ हे शब्द. एकच वाक्य होते, ‘उपकरणातील बिघाडामुळे प्राणवायूचे चुकीचे वाचन.’ सारे खापर माझ्यावर फुटले. माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली गेली आणि मी रुग्णालयाच्या मोठ्या मॅडमच्या कपाटात जाऊन पडलो. काल जो कधीच चुकत नव्हता, तो आज जन्माचा बिघडलेला ठरला. माणसांना मी देव म्हणूनही चाललो आणि चोर म्हणूनही. त्यांना मी चिमटा म्हणून तेवढा चाललो नाही.

तुमच्या पुस्तकांत माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवतात, आम्हाला जपा, फेकू नका. मी तसे म्हणणार नाही. मला खुशाल फेका. पण कोणी म्हणाले, मला श्वास पुरत नाही, तर आधी त्या माणसाकडे वळा. त्याला उठवून बसवा, त्याच्या बरगड्यांवर हात ठेवा. माझ्याकडे नंतर बघा. आणि लहान मूल आपल्या माणसाबद्दल काही सांगत असेल, तर त्याला मार्कांचे विनोद ऐकवू नका. त्या मुलीने जे सांगितले, ते साऱ्या रुग्णालयात दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हते.

आता ते चार महिन्यांनंतरचे सांगतो. मोठ्या मॅडमनी मावशीला आपल्या खोलीत बोलावले. मावशी आली. मुलगी आता तिच्या मागे नव्हती, पुढे होती. जिना चढताना मावशीला तिचा हात धरावा लागत होता. मावशी खुर्चीत बसली आणि बराच वेळ दम घेत राहिली. औषध केव्हाच उतरले होते, पण उजवी नस पुरती जागी झाली नव्हती. काही जणांत ती अशी महिनोन् महिने रुसून बसते. मावशी आता रात्रभर भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. चार शब्द बोलली की थांबायची. आगारात तिच्या जागी कोणा दुसरीचा आवाज भरून ठेवलेले यंत्र गाड्या सांगत होते.

टेबलाच्या पलीकडे मोठ्या मॅडम होत्या आणि शेजारी धाकटे डॉक्टर, बुटांकडे बघत. मॅडमनी मला आणि माझ्या यंत्राला पुढे ठेवले.

“हेच ते उपकरण. आम्ही ते ताबडतोब बाद केलं. इथे फक्त सही करा, म्हणजे प्रकरण मिटेल. तुम्हालाही त्रास नको.”

“मला,” मावशी म्हणाली आणि थांबली. “मला एवढंच हवंय... की मी सांगितलं होतं... हे कागदावर यावं.” पुन्हा थांबली. “पुढच्या बाईला तरी... कोणी विचारेल.”

“अहो, पण आकडाच चुकीचा आला तर डॉक्टर तरी काय करणार?”

मुलीने मला उचलले. “हे चालू होतं का अजून?” तिने विचारले आणि उत्तराची वाट न बघता यंत्राचे बटण दाबले. मला स्वतःच्या बोटाला लावले. माझा लाल दिवा लागला. चार महिन्यांनी मला पुन्हा रक्त दिसले.

“अठ्ठ्याण्णव,” मुलगी म्हणाली. मग तिने ओठ घट्ट मिटले आणि दुसऱ्या हाताने नाक दाबले.

मित्रांनो, तुम्ही हे गंमत म्हणूनसुद्धा करू नका. तिच्याकडे कारण होते.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरू लागला. दहा सेकंद. वीस. मॅडम म्हणाल्या, “अगं, हे काय?” तीस. मुलीचे गाल फुगले, चेहरा तांबडा झाला. चाळीस. मी रंग पाहत होतो आणि माझ्यापुरते सगळे ठीक होते. पन्नास सेकंद झाले आणि तिने हुश्श करून श्वास सोडला. यंत्रावर अजूनही आकडा होता, अठ्ठ्याण्णव.

“मी इतका वेळ श्वासच घेतला नाही,” ती धापा टाकत म्हणाली. “कळलं का याला? हा बिघडलेला नाहीये. याला श्वास कळतच नाही!”

मग मोठ्या मॅडम हसल्या. “हुशार आहे हं पोरगी. पुढे डॉक्टर हो.” आणि त्यांनी तो कागद पुन्हा मावशीपुढे सरकवला. वर पेन ठेवले.

“चल शेपटे,” मावशी म्हणाली. “यांना नाही... ऐकायचं.”

मुलगी उठली, पण दाराकडे गेली नाही. टेबलाला वळसा घालून ती धाकट्या डॉक्टरांपाशी गेली, त्यांचा हात मांडीवरून उचलला आणि मला त्यांच्या बोटाला लावले. ते बोट गार होते. डॉक्टरांना हात मागे घेता आला असता. त्यांनी घेतला नाही.

“आता तुम्ही थांबवा श्वास,” ती म्हणाली. “मी सांगेपर्यंत.”

डॉक्टरांनी ओठ मिटले. यंत्राचा आकडा उजळला, मोठ्या मॅडमचे डोळे सवयीने तिकडे गेले. मुलीने मात्र त्याच्याकडे पाठ केली. तिने दोन्ही तळवे डॉक्टरांच्या छातीवर ठेवले, नजर तिथेच रोवली आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली.